फाइल बिघडली म्हणजे मजकूर गेला असे नव्हे

वाई म्हटले की कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती आणि हळदीची पेठ डोळ्यांसमोर येते. पण या गावाची आणखी एक ओळख आहे. मराठी विश्वकोशाचे काम येथे झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला आणि पुढे वीस खंडांपर्यंत हे काम गेले. हजारो पानांचा मजकूर लिहिणे, तपासणे, शुद्ध करणे आणि जपून ठेवणे म्हणजे काय, हे या गावाने जवळून पाहिले आहे. आज ते खंड कॉम्प्युटरवर, मोबाइलवर कुणालाही वाचता येतात.

विश्वकोशाची गोष्ट मोठी आहे. आम्हाला येथे बोलायचे आहे ते लहान दुकानांबद्दल. तहसील कचेरीच्या आसपास, बाजारपेठेत, एस. टी. स्टँडजवळ टायपिंग आणि डीटीपीची जी दुकाने असतात, त्यांच्याकडे रोज प्रतिज्ञापत्रे, करारनामे, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, लग्नपत्रिका येतात. निकाहच्या पत्रिकेत एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू असते, म्हणजे एकाच पत्रिकेसाठी दोन वेगळ्या फाइली सांभाळाव्या लागतात. आपल्या समाजातील अनेक तरुणांनी या धंद्यात रोजी शोधली आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि हातात टायपिंगचा वेग, एवढ्या भांडवलावर दुकान उभे राहते. मात्र दुकानातील खरी किमती वस्तू यंत्र नव्हे. गिऱ्हाइकाने विश्वासाने ठेवलेली फाइल ही त्याची अमानत आहे. आणि ही अमानत एखाद्या दिवशी उघडतच नाही, तेव्हा काय करायचे, याची माहिती फार थोड्या दुकानदारांना असते.

वाईच्या परिसरातील अशाच एका दुकानात आम्ही पाहिलेला प्रसंग सांगतो. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. एका पतसंस्थेचे सचिव वार्षिक अहवालाची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन आले. सहकारी संस्थेची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि सभासदांना चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. अहवाल त्या नोटिशीबरोबर जायचा होता. छपाईला दोन रात्री उरल्या होत्या. फाइल ६४ पानांची. उघडली, तेविसाव्या पानापर्यंत गेली, आणि वर्ड बंद पडले. पुन्हा उघडली, पुन्हा तेथेच बंद पडले. सचिवांचा चेहरा उतरला. मूळ टाइप करणारा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला होता आणि संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये होती ती मार्च महिन्यातली, निम्मी प्रत.

दुकानदाराने पहिली गोष्ट केली ती अशी की फाइलला हात लावला नाही. पेन ड्राइव्हवरून तिच्या दोन प्रती आपल्या मशीनवर घेतल्या, पेन ड्राइव्ह काढून सचिवांच्या हातात परत दिला आणि म्हणाला, “साहेब, हा खिशात ठेवा. आता जे काही करायचे ते मी नकलेवर करतो.” आमच्या मते निम्मे यश येथेच मिळते. कारण घाबरलेला माणूस बिघडलेल्या फाइलवरच सेव्ह दाबतो, आणि जे शिल्लक असते त्यावरही पाणी पडते.

आत काय बिघडते

वर्डची फाइल म्हणजे सरळ लिहिलेला कागद नव्हे. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवीत असत. कोणते पेव कुणाचे, त्यात माल किती, हे व्यापाऱ्याच्या वहीत असे. समजा ती वही फाटली, तर हळद नाहीशी होते का? हळद जमिनीखाली असतेच, फक्त कुठे खणायचे ते कळत नाही. वर्डच्या जुन्या, म्हणजे १९९७ ते २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांच्या ‘डॉक’ फाइलमध्ये तसेच असते. मजकूर एका जागी असतो, आणि कोणता तुकडा कशानंतर वाचायचा, कोणते अक्षर ठळक, कोणता तक्ता कुठे, ही नोंद दुसऱ्या जागी असते. नोंदीचा भाग बिघडला की वर्ड हात वर करते. मजकूर मात्र बहुतेक वेळा आत जसाच्या तसा पडून असतो.

वर्ड २००७ पासून ‘डॉक्स’ प्रकारच्या फाइली आल्या. ही फाइल खरे तर एक दाबून बांधलेले गाठोडे असते. प्रतीचे नाव बदलून शेवटी डॉक्सऐवजी झिप केले की गाठोडे सुटते. आत ‘वर्ड’ नावाच्या कप्प्यात ‘डॉक्युमेंट’ नावाच्या फाइलमध्ये सर्व मजकूर आणि ‘मीडिया’ नावाच्या कप्प्यात सर्व चित्रे, सह्या, शिक्के वेगवेगळे मिळतात. या गाठोड्याची यादी मात्र फाइलच्या अगदी शेवटी असते. म्हणून कॉपी होत असतानाच पेन ड्राइव्ह ओढून काढला किंवा वीज गेली, की शेपटी तुटते आणि यादीच हरवते. साध्या प्रोग्रामला मग ते गाठोडे उघडत नाही. झिप दुरुस्त करणारे प्रोग्राम मात्र यादीवाचून आत शिरतात आणि तुटलेल्या जागेपर्यंतचा मजकूर पुष्कळदा काढून देतात.

आता पुन्हा त्या दुकानात जाऊ. वर्डमध्ये फाइल उघडताना ‘ओपन’ या बटणाशेजारी एक छोटा बाण असतो. त्यात ‘ओपन अँड रिपेअर’ हा पर्याय आहे. वर्षानुवर्षे वर्ड वापरणारी माणसेही हा बाण कधी दाबत नाहीत! दुकानदाराने तो दाबला. फाइल उघडली, पण तेविसाव्या पानावर पुन्हा तेच. नवीन कोरी फाइल घेऊन त्यात जुन्या फाइलचा मजकूर ‘इन्सर्ट’मधून ओढून पाहिला. तेही जमले नाही. मग त्याने लिबरऑफिस या मोफत मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये फाइल उघडली. वर्डने नाकारलेली फाइल लिबरऑफिस पुष्कळदा स्वीकारते, कारण ते वाचण्याची रीत निराळी आहे. येथे ती उघडली. तक्त्यांच्या रेघा वाकड्यातिकड्या झाल्या होत्या, पण अक्षरे होती.

दोष होता तेविसाव्या पानावरच्या कर्जवाटपाच्या तक्त्यात. एका चौकटीत दुसरा तक्ता, त्यात तिसरा, असे कुणीतरी चिकटवत गेले होते. आमचा अनुभव आहे की बिघाडाचे मूळ फार वेळा तक्त्यात किंवा दुसरीकडून आणून चिकटवलेल्या चित्रात सापडते. त्याने पहिली बावीस पाने नव्या फाइलमध्ये घेतली, मग सत्ताविसाव्या पानापासून पुढची घेतली, आणि मधली चार पाने हिशेब तपासनिसांच्या छापील प्रतीवरून पुन्हा टाइप केली. फाइल उघडते पण विचित्र वागते, अशा वेळी आणखी एक युक्ती आहे. फाइलच्या अगदी शेवटच्या परिच्छेदाच्या खुणेत पानाच्या मांडणीची पुष्कळ माहिती दडलेली असते. ती खूण सोडून बाकी सर्व मजकूर निवडावा आणि कोऱ्या फाइलमध्ये न्यावा. कंट्रोल आणि एंड दाबून शेवटी जायचे, मग कंट्रोल, शिफ्ट आणि होम एकत्र दाबायचे. शेवटची खूण आपोआप बाहेर राहते. कित्येक फाइली एवढ्यानेच सुधारतात.

हे सर्व थकले तर वर्डमध्ये फाइलचा प्रकार निवडण्याच्या यादीत ‘रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल’ असा पर्याय आहे. तो फक्त अक्षरे काढतो. तक्ते, चित्रे, ठळक अक्षरे सर्व जाते, सुरुवातीला आणि शेवटी पानभर कचरा येतो, तो हाताने पुसायचा. जुन्या डॉक फाइलच्या बाबतीत एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वर्ड २००३ पर्यंत ‘फास्ट सेव्ह’ नावाची सोय होती. तिच्यात केलेली दुरुस्ती मूळ जागी न लिहिता फाइलच्या शेवटी जोडली जाई. अशा फाइलमधून काढलेल्या मजकुरात वाक्यांचा क्रम मागेपुढे होतो आणि मालकाने खोडून टाकलेली वाक्येही पुन्हा वर येतात. करारनाम्याच्या फाइलमध्ये आधीचा भाव, आधीचे नाव असे बाहेर आले तर काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा. म्हणून परत मिळालेला मजकूर गिऱ्हाइकाने शब्द न् शब्द वाचून सही केल्याशिवाय छापू नये.

प्रश्नचिन्ह आणि चित्रविचित्र अक्षरे

इंग्रजी फाइलचे काम येथे संपते. मराठी फाइलचे संपत नाही. त्या अहवालाच्या शेवटी सभासदांच्या नावांची यादी होती. लिबरऑफिसमध्ये ती उघडली तेव्हा नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे, डॉलरची खूण, डोक्यावर टिंबे असलेली यू आणि ओ असे काहीबाही दिसू लागले. सचिव म्हणाले, “संपले, यादी गेली.” दुकानदार हसला. त्याने ती पाने निवडली, फॉन्टच्या यादीतून जुना फॉन्ट लावला आणि सगळी नावे जशीच्या तशी उभी राहिली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह युनिकोड मराठी आले. त्यापूर्वी, आणि छपाईच्या धंद्यात त्यानंतरही पुष्कळ वर्षे, श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे डीव्ही-टीटी सुरेख, शिवाजी अशा फॉन्टवर काम चाले. पेजमेकरला युनिकोड मराठी झेपत नव्हते, आणि २००१ नंतर पेजमेकरची नवी आवृत्ती निघाली नाही. या जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या दृष्टीने फाइलमध्ये इंग्रजी चिन्हेच असतात. फक्त फॉन्टने त्या चिन्हांना मराठी अक्षरांचा अंगरखा घातलेला असतो. एका फॉन्टचा ‘क’ दुसऱ्या फॉन्टमध्ये भलतेच काही असतो. फॉन्ट नाहीसा झाला की अंगरखा गळतो. मजकूर जिवंतच असतो.

तेव्हा मराठी फाइल बिघडली असे वाटले तर डोळ्यांनी तीन गोष्टी ओळखाव्यात. चित्रविचित्र इंग्रजी अक्षरे दिसत असतील तर मजकूर आहे, फॉन्ट शोधा. रिकामे चौकोन दिसत असतील तरीही बहुधा मजकूर आहे, त्या मशीनवर ती अक्षरे दाखवणारा फॉन्ट नाही. मात्र ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर प्रकरण गंभीर आहे. युनिकोड मराठीची फाइल साधा मजकूर म्हणून सेव्ह करताना युनिकोड न निवडता जुना प्रकार निवडला, तर प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले जाते. मागे काहीही उरत नाही. जगातला कोणताही कारागीर त्या प्रश्नचिन्हातून ‘सातारा’ परत काढू शकत नाही. अशा वेळी त्या फाइलवर वेळ न घालवता आधीची प्रत शोधावी. दुर्दैवाने लोक नेमके उलट करतात. चित्रविचित्र अक्षरे दिसली की फाइल पुसून टाकतात, आणि प्रश्नचिन्हांशी मात्र आठवडाभर झुंजत बसतात.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक मिळतात. ते वापरावेत, पण मग प्रूफ कुठे बघायचे ते ठाऊक हवे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचे याच्या उलट. म्हणून परिवर्तक चुकला तर ‘किसन’, ‘शिरवळ’, ‘मिर्झा’, ‘कर्ज’ अशा शब्दांतच चुकतो. माणसांच्या आणि गावांच्या आडनावांत तर हमखास. सभासदांच्या यादीत एखाद्याचे नाव चुकले तर सभेत काय होते ते पतसंस्थेच्या मंडळींना वेगळे सांगायला नको.

उर्दूच्या बाजूचे दुखणेही असेच आहे. १९९४ पासून उर्दू छपाईत इनपेजचे राज्य आहे आणि नूरी नस्तालीकशिवाय निकाहची पत्रिका पत्रिका वाटत नाही. पण जुन्या इनपेजची फाइल वर्डला समजत नाही. ती वर्डमध्ये उघडून कचरा दिसला म्हणून फाइल बिघडली असे ठरवणे म्हणजे उर्दू न येणाऱ्याने पुस्तकच चुकीचे छापले म्हणण्यासारखे आहे. ती इनपेजमध्येच उघडावी आणि तेथून युनिकोडमध्ये न्यावी.

आधी प्रत शोधा

दुरुस्तीपेक्षा चांगली प्रत सापडणे केव्हाही स्वस्त. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारावा, “ही फाइल तुम्ही कुणाला पाठवली होती का?” ईमेलच्या पाठवलेल्या पत्रांत, व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलीत, छापखान्याच्या मशीनवर जुनी चांगली प्रत वारंवार सापडते. वर्ड स्वतःही दर दहा मिनिटांनी, सेटिंग बदलले नसेल तर, एक तात्पुरती प्रत ठेवते. तिच्या नावाच्या शेवटी एएसडी असते. ‘ऑल्वेज क्रिएट बॅकअप कॉपी’ हा पर्याय कुणी चालू केलेला असेल तर डब्ल्यूबीके नावाची मागची प्रतही असते. एक फसवी फाइल मात्र ध्यानात ठेवावी. तिच्या नावाच्या सुरुवातीला लाटेसारखी खूण आणि डॉलर असतो. तिच्यात फाइल कोण वापरत आहे त्याचे नाव असते, मजकूर नसतो.

पेन ड्राइव्हवर फाइलींच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर पुष्कळ जण पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून मोकळे होतात. हा मोठा घात आहे. तो व्हायरस फाइली पुसत नाही, लपवतो. विंडोजमध्ये लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू केला की सर्व माल समोर येतो. शॉर्टकटवर क्लिक मात्र करू नये. आणि फाइल खरोखरच पुसली गेली असेल तर त्या पेन ड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नये. रेकुव्हा, फोटोरेक असे मोफत प्रोग्राम पुसलेल्या फाइली शोधतात. फोटोरेकने काढलेल्या फाइलींची मूळ नावे जातात, तेव्हा एकेक उघडून पाहण्याची तयारी ठेवावी. नव्या कॉम्प्युटरमधील एसएसडीवर ही आशा फार कमी, कारण पुसलेली जागा ती स्वतःच लवकर रिकामी करते.

आता पैशाची गोष्ट. त्या दुकानदाराने दोन रात्री जागून अहवाल वेळेत छापखान्यात पाठवला आणि सचिवांकडून चार पाने टायपिंगचे पैसे घेतले. आम्हाला हे पटले नाही. टी.व्ही. दुरुस्त करणारा आपल्या कसबाचे पैसे घेतो, मग फाइल दुरुस्त करणाऱ्याने का घेऊ नयेत? टाइप केलेल्या पानांवर नव्हे, तर लागलेल्या तासांवर दर ठरवावा. काम हाती घेण्यापूर्वी तो सांगावा, आणि मजकूर मिळालाच नाही तर काय घेणार हेही आधीच बोलावे. उलट बाजूने, फाइल दुकानातच बिघडली असेल तर पुन्हा टाइप करून देण्याची जबाबदारी दुकानदाराची, त्यात घासाघीस नको. भांडणे होतात ती फाइल कुणाच्या हातात बिघडली हे ठरत नाही म्हणून. तेव्हा पेन ड्राइव्ह घेताना गिऱ्हाइकासमोरच फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत जाऊन दाखवावी. यास एक मिनिट लागते.

काम पूर्ण झाल्यावर गिऱ्हाइकाला वर्डच्या फाइलबरोबर पीडीएफ प्रतही द्यावी. तीत अक्षरांचे रूप फाइलमध्येच बांधलेले असते, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या मशीनवरही नावे वाचता येतात. पावतीवर फॉन्टचे नाव, प्रोग्रामचे नाव आणि आवृत्ती, आणि दुकानात फाइल किती महिने ठेवली जाईल, या तीन ओळी छापून घ्याव्यात. दहा वर्षांनी तीच पावती घेऊन कुणी आले, तर कोणता फॉन्ट शोधायचा ते निदान कळेल.